मधुचंद्राची गिरिस्थाने : बहर आणि ओसाडी (महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन)

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यात थंड हवेचे ठिकाण नाही. कयाधू आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश काळ्या जमिनीचा, कापूस, सोयाबीन आणि हळदीचा व कडक उन्हाळ्याचा आहे. येथील नवविवाहित दांपत्य सत्यनारायणाची पूजा व कुलदैवताचे दर्शन आटोपून ‘फिरावयास’ निघते, तेव्हा त्यास जिल्ह्याबाहेरच जावे लागते. त्यामुळे गिरिस्थाने आणि मधुचंद्र हा विषय हिंगोलीच्या अभ्यासकास परका वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तसे नाही. ज्या लष्करी व्यवस्थेने एकोणिसाव्या शतकात हिंगोलीची छावणी पोसली, त्याच व्यवस्थेतील एका अधिकाऱ्याच्या नावाशी विदर्भातील चिखलदऱ्याचा शोध जोडलेला आहे. त्याचप्रमाणे, बाहेरून आलेल्या लोकांसाठी वसविलेली वस्ती एका हुकुमाने कशी रिकामी होते, याचा अनुभव हिंगोलीने १९०३ मध्येच घेतला आहे.

मधुचंद्रासाठी प्रसिद्ध असलेली डोंगरी विश्रामधामे ओसाड पडण्याची घटना जगात अनेक ठिकाणी घडली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचा पोकोनोज हा डोंगराळ भाग हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण होय. महाराष्ट्रात तिचे हुबेहूब प्रतिरूप आढळत नाही; तथापि मुळशी तालुक्यातील लवासा या अर्धवट राहिलेल्या गिरिनगराच्या रूपाने तिच्याशी नाते सांगणारी घटना अलीकडच्या काळात घडली आहे. दुसऱ्या बाजूस महाबळेश्वर व माथेरान ही जुनी गिरिस्थाने अनेक स्थित्यंतरे पचवून टिकून राहिली. केवळ पाहुण्यांसाठी उभारलेल्या ठिकाणांपैकी काही का टिकतात आणि काही का ओस पडतात, या प्रश्नाचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. राज्यात नवी गिरिस्थाने उभारण्याच्या योजना आखल्या जात असताना हा प्रश्न केवळ भूतकाळापुरता उरत नाही.

१. छावणी आणि गिरिस्थान

निजामाच्या राज्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी फौज उभारण्यात आली, ती पुढे हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखली गेली. या फौजेच्या खर्चाची थकबाकी वाढत गेली व १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार ब्रिटिशांच्या हाती सोपविण्यात आला. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर, बोलारम आणि हिंगोली ही या फौजेची ठाणी होती. छावणी म्हणजे केवळ सैनिकांची राहुट्यांची रांग नव्हे. तिच्याबरोबर बंगले, बाजार, दवाखाना, दफनभूमी, धोबी, भिस्ती, खानसामे आणि दाणावैरण पुरविणारे व्यापारी असा संपूर्ण संसार येतो. हा संसार ज्या एका कारणावर उभा असतो, ते कारण मात्र स्थानिक नसते.

मैदानी छावण्यांतील उन्हाळा युरोपीय अधिकाऱ्यांना असह्य होई. उंचावरील थंड जागांचा शोध त्यातूनच सुरू झाला. हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ मध्ये गाविलगडच्या डोंगररांगेतील चिखलदऱ्याचा शोध लावला, असे सामान्यतः सांगितले जाते. येथे ‘शोध’ हा शब्द सावधपणे घ्यावयास हवा. गाविलगडाचा किल्ला तेथे शतकानुशतके उभा होता, डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने तो जिंकलाही होता आणि कोरकू व गवळी समाजाची वस्ती त्या डोंगरात पूर्वापार होती. भीमाने कीचकाचा वध करून त्यास येथील दरीत फेकले, ही लोककथा चिखलदऱ्याच्या नावाशी जोडली जाते. तेव्हा रॉबिन्सनने शोधले ते स्थान नव्हे, तर त्या स्थानाचा एक नवा उपयोग होय. डोंगर म्हणजे गड, देवस्थान किंवा चराऊ रान हा जुना अर्थ बाजूस सारून डोंगर म्हणजे विश्रांतीची जागा हा नवा अर्थ या काळात रूढ होऊ लागला.

१९०२ मध्ये वऱ्हाड कायम भाडेपट्ट्याने ब्रिटिशांकडे गेला. त्यानंतरच्या पुनर्रचनेत, १९०३ मध्ये, हैदराबाद कंटिंजंटचे स्वतंत्र अस्तित्व संपुष्टात येऊन तिच्या पलटणी हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाल्या. हिंगोली हे लष्करी ठाणे राहिले नाही. छावणीवर विसंबलेल्यांचा आधार एका प्रशासकीय निर्णयाने नाहीसा झाला. तरीही हिंगोली गाव ओस पडले नाही. कापसाची मोठी बाजारपेठ म्हणून त्याची ख्याती होती आणि भोवतालच्या खेड्यांशी त्याचे नाते छावणीपेक्षा जुने व घट्ट होते. पुढे ते परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण म्हणून वाढले व १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे मुख्यालय झाले. पाहुणा गेला, पण यजमानाचे घर स्वतःच्या उत्पन्नावर उभे असल्यामुळे ते कोसळले नाही, असा या घटनेचा अर्थ लावता येतो. पुढील विवेचनात हाच निकष वापरला आहे.

२. महाबळेश्वर आणि माथेरान

मुंबई इलाख्यातील गिरिस्थानांचा आरंभ महाबळेश्वरपासून होतो. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी १८२९ मध्ये करार करून, वाईनजीकच्या खंडाळा या गावाच्या मोबदल्यात महाबळेश्वरची जागा मिळविली. नव्या वसाहतीच्या बाजारपेठेस माल्कम पेठ हे नाव मिळाले. कृष्णेसह पाच नद्यांच्या उगमाचे स्थान असलेले क्षेत्र महाबळेश्वर मात्र या वसाहतीपासून काही अंतरावर, आपल्या जुन्या जागी व जुन्या लौकिकासह तसेच राहिले. एकाच पठारावर यात्रेचे क्षेत्र आणि साहेबांचे गिरिस्थान अशी दोन महाबळेश्वरे नांदू लागली.

या वसाहतीने स्थानिक अर्थव्यवस्थेत काही नवी पिके व कौशल्ये आणली. येथील तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांनी भाजीपाल्याच्या लागवडीस हातभार लावला. पुढे बटाटा व स्ट्रॉबेरी ही पिके या पठारावर स्थिरावली आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस भौगोलिक मानांकनही मिळाले. मध गोळा करण्याचा परंपरागत व्यवसाय सहकारी तत्त्वावर संघटित झाला. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित करण्यात आले. शेजारच्या पाचगणीने निवासी शाळांचे केंद्र म्हणून स्वतंत्र ओळख मिळविली. हंगाम संपल्यावर पाहुणे परततात, परंतु शेत, मधपेट्या आणि शाळा तेथेच राहतात.

माथेरानची कथा काहीशी निराळी आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये या डोंगराची पाहणी केली आणि मुंबईच्या सान्निध्यामुळे अल्पावधीत तेथे बंगले उभे राहिले. पारशी, बोहरी व गुजराती धनिकांनी तेथे घरे बांधली. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या भांडवलावर नेरळ ते माथेरान ही सुमारे २१ किलोमीटर लांबीची अरुंदमापी रेल्वे उभारली व ती १९०७ मध्ये सुरू झाली. मोटारींना बंदी असल्यामुळे घोडेवाले, हमाल आणि हातरिक्षा ओढणारे यांच्या श्रमावर हे गाव चालत आले. हे श्रम हलाखीचे होते, हे नमूद केले पाहिजे. माणसाने माणसास ओढून नेण्याची ही पद्धत बंद करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिले. तथापि येथे येणारा प्रत्येक पाहुणा गावातील कोणा ना कोणाच्या हाताला काम देऊन जातो, ही वस्तुस्थितीही दुर्लक्षिता येत नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत रेल्वेमार्ग वाहून गेला व गाडी २००७ पर्यंत बंद राहिली. २०१९ च्या पावसाळ्यात मार्गाची पुन्हा हानी झाली. तरी दस्तुरी नाक्यावरून चालत, घोड्यावरून वा हातरिक्षातून लोक वर जात राहिले. एक वाट बंद झाली म्हणून माथेरान बंद पडले नाही.

३. मधुचंद्र : एका प्रथेचा प्रवेश

‘मधुचंद्र’ हा शब्द इंग्रजीतील ‘हनिमून’ या शब्दाचे मराठी रूप होय. शब्दाप्रमाणेच ही प्रथाही मराठी समाजात बाहेरून आली. लग्नानंतर नवदांपत्याने प्रवासास जाणे मात्र नवे नव्हते. जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका अशा कुलदैवतांच्या दर्शनास नवरा-नवरी जात. जेजुरीस नवरदेवाने नवरीस उचलून काही पायऱ्या चढण्याची रीत आजही पाळली जाते. परंतु या प्रवासात वडीलधारी मंडळी बरोबर असत आणि प्रवासाचा हेतू नव्या सुनेस कुळात सामावून घेणे हा असे. मधुचंद्राचा हेतू याच्या नेमका उलट आहे. दोघांना काही दिवस कुळापासून, नातलगांपासून आणि घरकामापासून दूर नेणे, हे त्याचे प्रयोजन होय.

ही गरज मध्यमवर्गास का भासू लागली, याचे उत्तर घरांच्या रचनेत सापडते. वाड्यात एकत्र कुटुंब आणि मुंबईच्या चाळीत एक-दोन खोल्यांचे बिऱ्हाड, या दोन्ही ठिकाणी नवदांपत्यास एकांत मिळणे दुरापास्त होते. राजा ठाकूर दिग्दर्शित ‘मुंबईचा जावई’ या १९७० च्या चित्रपटाचा विषयच चाळीतील गजबजलेल्या बिऱ्हाडात एकांत न मिळणारे नवे जोडपे हा आहे. त्यावरून १९७२ मध्ये बासू चटर्जी यांनी ‘पिया का घर’ हा हिंदी चित्रपट केला. त्यापूर्वी १९६७ मध्ये राजदत्त यांचा ‘मधुचंद्र’ हा चित्रपट येऊन गेला होता. चित्रपटाचे शीर्षक म्हणून हा शब्द वापरता येणे, याचाच अर्थ तो एव्हाना सामान्य प्रेक्षकास परिचित झाला होता.

स्वातंत्र्योत्तर काळात नोकरदारांस मिळणारी पगारी रजा व प्रवास सवलत आणि राज्य परिवहनाच्या गाड्या यांमुळे पूर्वी साहेब व धनिकांपुरती असलेली गिरिस्थाने मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना झाली. महाबळेश्वर, माथेरान, चिखलदरा येथील निवासव्यवस्थेमुळे माफक दरात राहण्याची सोय झाली. महाबळेश्वरच्या पॉइंटवर उभे राहून काढलेले नवदांपत्याचे छायाचित्र मराठी घरातील आल्बमचा एक ठरलेला भाग बनले. साहेबाने उन्हाळ्यापासून पळण्यासाठी शोधलेल्या डोंगराचा आता एकांतासाठी उपयोग होऊ लागला. चिखलदऱ्याच्या बाबतीत वर नमूद केलेला अर्थबदल येथे दुसऱ्यांदा घडला.

४. पोकोनोज : एकांताचा कारखाना

याच सुमारास अमेरिकेत ही प्रथा एका स्वतंत्र उद्योगाच्या रूपात विकसित झाली होती. न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया या महानगरांपासून मोटारीने काही तासांच्या अंतरावर असलेला पोकोनोज हा भाग एकोणिसाव्या शतकापासून उन्हाळी विश्रांतीसाठी प्रसिद्ध होता. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या विवाहांची लाट आली. १९४५ मध्ये रुडॉल्फ फॉन होवेनबर्ग यांनी ‘फार्म ऑन द हिल’ हे केवळ नवविवाहितांसाठीचे विश्रामधाम सुरू केले. पुढील दोन दशकांत माउंट एअरी लॉज, पेन हिल्स, कोव्ह हेवन अशी अनेक विश्रामधामे भरभराटीस आली आणि या भागास ‘मधुचंद्राची राजधानी’ म्हटले जाऊ लागले. कोव्ह हेवनचे मॉरिस विल्किन्स यांनी १९६३ मध्ये बदामाच्या आकाराचे न्हाणीकुंड तयार केले. १९७१ मध्ये ‘लाइफ’ या नियतकालिकात त्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि ते या संपूर्ण प्रदेशाचे बोधचिन्ह ठरले. १९८४ मध्ये शॅम्पेनच्या पेल्याच्या आकाराचे, पुरुषभर उंचीहून मोठे कुंड आले.

या विश्रामधामांची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. निवास, भोजन, करमणूक, क्रीडा हे सर्व एकाच आवारात व एकाच रकमेत उपलब्ध असे. पाहुण्यास फाटकाबाहेर पाऊल टाकण्याचे कारण पडू नये, हा या व्यवसायाचा पाया होता. परिणामी शेजारच्या गावांस नोकऱ्या मिळाल्या, पण पाहुण्यांशी त्यांचे थेट नाते जुळले नाही.

उतरणीची कारणे एकाहून अधिक होती. १९७८ मध्ये अमेरिकेतील विमान वाहतुकीवरील निर्बंध उठल्यावर भाडी उतरली व जवळच्या डोंगराऐवजी दूरची बेटे मध्यमवर्गास परवडू लागली. विवाहपूर्व सहजीवनाविषयीची सामाजिक दृष्टी बदलल्यामुळे पहिल्या एकांताचे जे अप्रूप या उद्योगाच्या मुळाशी होते, तेच ओसरले. एका पिढीस जी सजावट ऐटबाज वाटली, ती पुढील पिढीस हास्यास्पद वाटू लागली. माउंट एअरी लॉज २००१ मध्ये बंद पडले. त्या जागेवर २००७ मध्ये जुगारगृह उभे राहिले. पेन हिल्स २००९ मध्ये बंद झाले. लग्नातील घंटेच्या आकाराचा त्याचा पोहण्याचा तलाव, मोडकी छपरे आणि मोकाट वाढलेली झाडी यांची छायाचित्रे जगभर पोहोचली. काही मोजकी विश्रामधामे तग धरून राहिली, परंतु प्रदेशाची जुनी ओळख मात्र संपली.

या सर्व कारणांच्या मुळाशी एक रचनात्मक दुर्बलता दिसून येते. मधुचंद्राचा पाहुणा स्वभावतः एकदाच येतो. शेतकरी दरवर्षी त्याच बाजारात येतो, भाविक दरवर्षी त्याच देवळात येतो; नवविवाहित मात्र दुसऱ्यांदा नवविवाहित म्हणून येत नाहीत. अशा ठिकाणास दरवर्षी संपूर्णपणे नवे गिऱ्हाईक मिळवावे लागते. त्यामुळे त्याचे आयुष्य लोकांच्या स्मृतीवर नव्हे, तर त्या त्या वर्षीच्या रुचीवर अवलंबून राहते. रुची पालटली की आठवण त्यास वाचवू शकत नाही.

५. महाराष्ट्रातील रुचिपालट

हा रुचिपालट महाराष्ट्रातही झाला. ज्यांना परवडे ते मराठी नवदांपत्य पूर्वीपासून काश्मीरला जाण्याचे स्वप्न बाळगून होते. १९८९-९० नंतर काश्मीरमधील परिस्थिती बिघडली आणि हा ओघ कुलू-मनालीकडे वळला. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर मध्यमवर्गाचे उत्पन्न वाढले, गोवा व केरळ जवळ आले. २००३ पासून स्वस्त दराची विमानसेवा सुरू झाल्यावर परदेशही आवाक्यात आला. ज्या कारणाने पोकोनोज ओस पडले, ते कारण सुमारे पाव शतकानंतर महाराष्ट्रात उपस्थित झाले होते.

असे असूनही महाबळेश्वर व माथेरान ओस पडली नाहीत. त्यांनी मधुचंद्राचा पाहुणा बऱ्याच अंशी गमावला, पण शालेय सहली, शनिवार-रविवारचे कुटुंबासह येणारे पर्यटक आणि पावसाळी भटकंती करणारे तरुण यांनी ती जागा भरून काढली. याचे श्रेय कोणा एका नियोजनास देता येत नाही. ही गावे फाटकाआडची आवारे नव्हती, हे त्याचे खरे कारण होय. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत चणे, चपला, मध, जेली विकणारा दुकानदार पाहुणा कोणत्या हेतूने आला याची चौकशी करीत नाही. पाहुण्याचा प्रकार बदलला तरी त्याचा व्यवसाय चालू राहतो. आज या दोन्ही ठिकाणांसमोरील समस्या ओसाडीची नसून गर्दी, पाणीटंचाई आणि कचऱ्याची आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित करावा लागला, हे त्याचेच निदर्शक आहे.

६. लवासा : हुकुमाने वसलेले गिरिनगर

महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर १९९६ मध्ये खासगी भांडवलातून गिरिस्थाने विकसित करण्यासाठी विशेष नियमावली तयार केली. तिच्या आधारे २००१ मध्ये पुणे जिल्ह्यातील मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी, १८ गावांच्या परिसरात गिरिस्थान उभारण्यास मान्यता देण्यात आली. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या प्रवर्तनाखालील लवासा कॉर्पोरेशनने दासवे येथे पहिले नगर वसविले. इटलीतील पोर्टोफिनो या किनारी गावाच्या धर्तीवर जलाशयाकाठी रंगीत इमारतींची रांग उभी राहिली. हॉटेले, सभागृहे, विक्रीसाठी सदनिका व बंगले यांची जाहिरात देशभर झाली. लवासा हे केवळ मधुचंद्राचे विश्रामधाम नव्हते, ते संपूर्ण शहर म्हणून योजिलेले होते. तरी बाहेरील पाहुण्यासाठी बाहेरील भांडवलाने, स्थानिक जीवनापासून वेगळे काढलेले आवार हे त्याचे स्वरूप पोकोनोजच्या विश्रामधामांशी मिळतेजुळते होते.

भूसंपादन, डोंगरउतारांची फोड, धरणाच्या पाण्याचा वापर आणि पर्यावरणविषयक परवानग्या यांवरून वाद निर्माण झाले. शेतकरी आणि कातकरी कुटुंबांच्या जमिनींचा प्रश्न जनआंदोलनांनी लावून धरला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कारणे दाखवा नोटीस बजावून काम थांबविण्याचा आदेश दिला. वर्षभराने पहिल्या टप्प्यास सशर्त मंजुरी मिळाली. दरम्यान कर्ज वाढत गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. जुलै २०२३ मध्ये १,८१४ कोटी रुपयांचा पुनरुज्जीवन आराखडा मंजूर झाला, पण त्याची अंमलबजावणीही रखडली. दासवेत पर्यटक आजही येतात, काही कुटुंबे राहतातही. तथापि अर्धवट सांगाडे, बंद दुकाने आणि निगेअभावी खराब झालेल्या इमारती यांमुळे ‘ओसाड शहर’ अशीच त्याची ख्याती झाली आहे.

हिंगोलीची छावणी एका हुकुमाने उठली, लवासाचे काम एका आदेशाने थांबले. पहिल्या घटनेत गाव शिल्लक राहिले, कारण ते छावणीच्या आधी होते व तिच्यावाचून जगू शकत होते. दुसऱ्या घटनेत आधीच्या गावांचा जीवनक्रमच विस्कळीत झालेला होता. शेती गेली, नव्या शहरातील रोजगार अपुरा राहिला आणि डोंगर पूर्ववत होणे शक्य नव्हते. गुंतवणूकदाराचे नुकसान न्यायाधिकरणाच्या कागदपत्रांत रुपयांत मोजले जाते. फोडलेल्या उताराचे व विस्कटलेल्या खोऱ्याचे मोजमाप मात्र अशा कोणत्याही आराखड्यात होत नाही.

७. कुलदैवताचा डोंगर

या पार्श्वभूमीवर मराठवाड्यातील नवदांपत्याच्या जुन्या प्रवासाकडे पुन्हा पाहणे उद्बोधक ठरते. हिंगोली परिसरातील अनेक कुटुंबे लग्नानंतर माहूरच्या डोंगरावर जातात. रेणुकामातेचे मंदिर, दत्तशिखर, अनसूयेचे स्थान आणि भोवती वळसा घालून वाहणारी पैनगंगा असा हा परिसर आहे. तेथे बदामाच्या आकाराचे कुंड नाही, एकांतही नाही. परंतु लग्नानंतर गेलेले जोडपे मूल झाल्यावर जाते, जावळासाठी जाते, नवरात्रात जाते आणि पुढे मुलाच्या लग्नानंतर त्यास घेऊन जाते. एकाच कुटुंबाची येण्याची कारणे पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहतात. राजवटी बदलल्या, रस्ते बदलले, पण हा ओघ आटला नाही.

याचा अर्थ तीर्थक्षेत्र श्रेष्ठ आणि मधुचंद्र कनिष्ठ असा मूल्यनिवाडा करणे नव्हे. एकत्र कुटुंबातील सुनेच्या दृष्टीने मधुचंद्राचे चार दिवस ही मोठी मोकळीक होती आणि पतिपत्नींना एकमेकांची ओळख घडविणारी ती पहिली संधी होती. कुलदैवताच्या वाटेवर तिला हे स्वातंत्र्य मिळत नव्हते. तीर्थक्षेत्रांच्याही अस्वच्छता, गर्दी आणि बाजारूपणा या समस्या आहेतच. येथे मुद्दा टिकाऊपणाचा आहे. ज्या डोंगराशी लोकांचे नाते पुनःपुन्हा जुळते, तो डोंगर रुचिपालट सोसू शकतो.

समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला असा की, गिरिस्थानाचा जन्म बाहेरच्या गरजेतून होतो, परंतु त्याचे दीर्घायुष्य स्थानिक जीवनावर अवलंबून असते. महाबळेश्वर शेती, मध व क्षेत्रमाहात्म्यामुळे, पाचगणी शाळांमुळे आणि माथेरान श्रमिकांच्या गावामुळे टिकले. दुसरा असा की, एकाच प्रकारच्या व एकदाच येणाऱ्या पाहुण्यावर उभारलेला व्यवसाय एका पिढीपलीकडे क्वचितच जातो. तिसरा निष्कर्ष असा की, स्थानिकांपासून वेगळे काढलेले आवार बंद पडते तेव्हा त्याचा वारसदार कोणीच नसतो. नफा असताना फाटकाबाहेर ठेवलेल्या गावाच्या वाट्यास शेवटी भग्नावशेष तेवढे येतात.

हे निष्कर्ष आजच्या धोरणांस लागू पडतात. सातारा जिल्ह्यात ‘नवीन महाबळेश्वर’ या प्रकल्पासाठी २०१९ मध्ये २३५ गावांकरिता महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. चिखलदऱ्याच्या विकासाचे नियोजन सिडकोकडे सोपविण्यात आले असून ते ठिकाण १९७४ मध्ये स्थापन झालेल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पास लागून आहे. अशा प्रत्येक योजनेस तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. हंगाम संपल्यावर येथील माणूस कशावर जगेल? पाहुण्याने खर्च केलेला पैसा फाटकाबाहेरच्या गावात किती पोहोचेल? आणि प्रकल्प बंद पडल्यास इमारती उतरविण्याची व डोंगर सावरण्याची जबाबदारी कोणाची? पहिल्या दोन प्रश्नांची चर्चा अधूनमधून होते. तिसरा प्रश्न परवानगीच्या वेळीच विचारला जाण्याची व त्याचे उत्तर अटींत नोंदविले जाण्याची आवश्यकता आहे.

हिंगोली जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर औंढा नागनाथ आणि संत नामदेवांचे जन्मस्थान नर्सी ही येथील येण्याजाण्याची खरी केंद्रे आहेत. त्यांच्या विकासाचा विचार करताना दूरच्या गिरिनगरांचे अनुकरण करण्यापेक्षा स्वतःच्या शहराचा इतिहास तपासणे अधिक उपयुक्त ठरेल. छावणी उठल्यानंतर हिंगोली कशी सावरली, कोणते व्यवसाय बुडाले, कोणते नव्याने उभे राहिले, कोणती कुटुंबे स्थलांतरित झाली, याचा तपशीलवार स्थानिक इतिहास लिहिणे हे जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज हाती घेण्याजोगे काम आहे. पाहुणे गेल्यानंतर गाव कसे टिकते, या प्रश्नाचे उत्तर त्या नोंदींत मिळण्याचा संभव मोठा आहे.